पेंढी मोजण्याआधी गाईची पाठ पाहावी

मंडळी, तिन्हीसांजेला गोठ्यात वैरण टाकताना आपल्या हातून प्रत्येक गाईपुढे सारख्याच पेंढ्या पडतात. परंतु गाभण पहिलारू पाडी, वासराला पाजणारी गाय आणि भाकड गाय यांची गरज एक नसते. म्हणून वैरण कोणाला किती घालायची हे गाईच्या अंगावरून ठरवावे, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे.

मांसासाठी गोपालन करणाऱ्या अमेरिकेत गाईच्या अंगावरील चरबीला 1 ते 9 गुण देतात. दुभत्या गाईंसाठी 1 ते 5 गुणांची निराळी पद्धत आहे. आपला हेतू मांसाचा नाही. तरीही कोकण कपिलेसारख्या लहान चणीच्या गाईला मला पहिली पद्धतच अधिक जवळची वाटते, कारण तिथल्या गाईप्रमाणे हिचेही बरेचसे दूध वासराच्याच पोटात जाते. बरगड्या, कणा, कंबरेची हाडे आणि शेपटीचे मूळ यांवरून हात फिरवावा. 1 गुण म्हणजे नुसता सापळा आणि 9 म्हणजे चरबीत बुडालेली हाडे. मधल्या 5 गुणांच्या गाईचा कणा उठून दिसत नाही आणि बरगड्या हाताला लागल्या तरी डोळ्यांत भरत नाहीत. ओल्या गवताने फुगलेल्या पोटावरून मात्र अंदाज बांधू नये.

व्यायच्या वेळी गाय 5 गुणांची आणि स्वतःही वाढत असलेली पहिलारू 6 गुणांची असावी. गाय सुमारे 285 दिवस गाभण असते. तेव्हा वर्षाला एक वेत हवे असेल, तर व्याल्यापासून 80 दिवसांत ती पुन्हा गाभण राहिली पाहिजे. वाळलेली गाय वेळेवर माजावरच येत नाही. व्याल्यावर तिला भरपूर घालून ही तूट भरून काढू, असे आपण म्हणतो. पण तेव्हा घातलेले बरेचसे दुधात जाते आणि अंगाला फारसे लागत नाही. सुधारणेचा खरा काळ त्याआधीचा, वासराचे दूध सुटल्यानंतरचा आणि पोटातल्या गर्भाची झपाट्याने वाढ होणारे शेवटचे तीन महिने सुरू होण्यापूर्वीचा आहे. सव्वादोनशे किलोच्या गाईला एक गुण चढायला 15 ते 20 किलो वजन लागते, म्हणजे तीन महिने धरले तर रोज सुमारे 200 ग्रॅम.

कोकणात दिवाळीपर्यंत सड्यावरचे गवत गाईला सावरते आणि त्यानंतर ते पिकून कडक होते. म्हणून भातकापणी उरकली की प्रत्येक गाईची पाठ तपासावी. वैशाखात हाडे वर आल्यावर फार उशीर झालेला असतो. भाताच्या पेंढ्यात प्रथिने जेमतेम 3 ते 4 टक्के असतात, आणि पोटातल्या सूक्ष्मजीवांना तो नीट पचवायला सुमारे 7 टक्के लागतात. त्यामुळे वाळक्या गाईपुढे आणखी पेंढा लोटण्यापेक्षा तिला खोबऱ्याची पेंड किंवा शिजवलेले कुळीथ रोज थोडे थोडे वाढवत द्यावे. एकदम दिल्यास पोट बिघडते. 5 गुणांच्या भाकड गाईला ही पेंड नको, ती वाचवून पहिलारूला घालावी. पेंड द्यायच्या गाईंना खाऊ घालताना वेगळे बांधावे, नाहीतर दांडगी गाय दुबळीची पेंड संपवते.

पेंड घालूनही एखादी गाय भरत नसेल, तर शेणाची तपासणी करून घ्यावी. भाताच्या मळ्यांतील गोगलगायींमुळे पसरणाऱ्या यकृतातील चपट्या कृमी आपल्याकडे पुष्कळदा कारण असतात, आणि तिथे औषधाआधी पेंड वाढवून उपयोग नाही.