स्वस्त मदरबोर्ड निवडताना सॉकेटच्या शेजारी पाहा

श्रोतेहो, नमस्कार. संगणक जुना झाला की आपण आधी प्रोसेसर ठरवतो, मग रॅम, मग एसएसडी, आणि हे सगळे ज्याच्यावर बसायचे तो मदरबोर्ड उरलेल्या पैशांत उरकतो. हा क्रम बदलावा, एवढी विनंती करण्यासाठी मी आज आपल्यासमोर आले आहे. महाग बोर्ड घ्यावा असे माझे म्हणणे नाही. बोर्ड खुशाल स्वस्त घ्यावा, परंतु आपला प्रोसेसर किती वीज घेतो आणि ती वीज पुरवण्याची त्या बोर्डाची तयारी किती आहे, एवढे पाहून घ्यावा. हे मला माझ्या भाचीच्या संगणकाने शिकवले, म्हणून आधी तीच हकिगत सांगते.

माझी भाची ॲनिमेशन करते. तिने संगणक अद्ययावत करताना एएमडी कंपनीचा रायझन ७ ५८००एक्स हा आठ कोरचा प्रोसेसर घेतला, आधीची डीडीआर४ रॅम तशीच ठेवली आणि बोर्ड मात्र त्या सॉकेटला, म्हणजे बोर्डावरील प्रोसेसर बसवण्याच्या जागेला, मिळणाऱ्यांपैकी अगदी खालच्या श्रेणीतला, ए५२० चिपसेटचा (म्हणजे बोर्डावरील जोडण्या सांभाळणाऱ्या चिपचा) निवडला. बोर्डाच्या कंपनीने दिलेल्या यादीत हा प्रोसेसर होता आणि तो व्यवस्थित चालतही होता. चार महिने काही तक्रार नव्हती. मग एके दिवशी तिचा फोन आला, "आत्या, माझा कॉम्प्युटर सात मिनिटांनी दमतो गं."

दमतो हा शब्द तिने सहज वापरला होता, पण तो किती नेमका होता ते मला पुढे कळले. रेंडरिंग, म्हणजे चित्रफितीच्या चौकटी तयार करण्याचे काम, सुरू केले की पहिली सहा-सात मिनिटे एकेक चौकट नऊ सेकंदांत तयार होई, आणि मग एकाएकी त्याच कामाला चाळीस सेकंद लागू लागत. प्रोसेसरचा वेग चार गिगाहर्ट्झच्या वरून एकच्याही खाली येई. थोडा वेळ थांबले की पुन्हा पहिल्यासारखा चाले, आणि पुन्हा सात मिनिटांनी तेच.

प्रोसेसर तापत असणार, असे कोणालाही वाटेल. मलाही तसेच वाटले. परंतु त्याचे तापमान ६५ अंश सेल्सिअसच्या वर जातच नव्हते आणि त्याची मर्यादा ९० अंशांची आहे. तरीही मी कूलर काढून पेस्ट नव्याने लावली. रॅमच्या पट्ट्या बदलून पाहिल्या. माझ्या संगणकातला एसएमपीएस, म्हणजे वीज पुरवणारा डबा, काढून तिच्या संगणकाला जोडला. शेवटी ऑपरेटिंग सिस्टिमही नव्याने टाकली. दोन रविवार यात गेले आणि सात मिनिटे ती सातच राहिली.

तिसऱ्या रविवारी मी काहीही उघडण्याआधी तिला समोर बसवले आणि विचारले की, चार महिने ठीक चाललेल्या या संगणकात तक्रार सुरू होण्याच्या सुमारास काय बदलले? ती म्हणाली, "काहीच नाही. उलट मी कूलिंग आणखी चांगलं केलं." तिने प्रोसेसरवरचा पंख्याचा कूलर काढून त्या जागी पाण्याने थंड करणारा कूलर बसवला होता आणि त्याचे पंखे कॅबिनेटच्या पुढच्या बाजूला लावले होते.

त्या एका वाक्याने उलगडा झाला. मी कॅबिनेटची बाजू उघडली, समोर टेबलफॅन ठेवला आणि तो थेट बोर्डावर सोडला. दोन मिनिटांत चौकटी पुन्हा नऊ सेकंदांवर आल्या. पंखा बाजूला केला, वेग कोसळला. पंखा लावला, वेग परतला. असे आम्ही तीनदा केले. मग इन्फ्रारेड थर्मामीटर सॉकेटच्या शेजारच्या लहान काळ्या चौकोनी भागांवर रोखला, तेव्हा आकडा दिसला ११५ अंश. प्रोसेसर थंड होता. त्याला वीज देणारा भाग भाजत होता, आणि त्या भागावर धातूचा एक तुकडासुद्धा बसवलेला नव्हता. आधीच्या कूलरच्या पंख्याची हवा आजूबाजूला पसरून या भागाला आपोआप लागत होती. पाण्याच्या कूलरमुळे प्रोसेसरची सोय झाली आणि याची हवा गेली. स्वतःला वाचवण्यासाठी बोर्ड प्रोसेसरचा वेग पाडत होता, आणि त्यात त्याचे काही चुकत नव्हते.

या भागाला व्हीआरएम म्हणतात. एसएमपीएसकडून बोर्डाला १२ व्होल्टची वीज येते, परंतु प्रोसेसरला लागते ती एका व्होल्टहून थोडी अधिक. हा बदल व्हीआरएम करतो. ५८००एक्सच्या खोक्यावर १०५ वॉट असे लिहिलेले असले तरी पूर्ण भारावर त्याला १४२ वॉटपर्यंत घेण्याची मुभा असते. म्हणजे इतक्या कमी व्होल्टला शंभर अँपिअरहून अधिक प्रवाह. त्यातला दहावा हिस्सा जरी उष्णतेत गेला, तरी त्या नखाएवढ्या भागांना १४ वॉट उष्णता बाहेर टाकावी लागते. इंटेलच्या बाजूलाही हेच आहे. कोअर आय५ १२४०० चा मूळ आकडा ६५ वॉट, तर कमाल आकडा ११७ वॉट आहे. म्हणून पुन्हा सांगते, बोर्ड निवडताना खोक्यावरचा आकडा धरू नका, प्रोसेसरची कमाल वीज धरा.

ती कळली की निवड बरीच सोपी होते. ६५ वॉट श्रेणीचा सहा कोरचा प्रोसेसर असेल आणि काम लिखाणाचे, हिशेबाचे किंवा अभ्यासाचे असेल, तर ए५२०, ए६२० किंवा एच६१० यांसारख्या चिपसेटचा साधा बोर्ड वर्षानुवर्षे चालतो. त्याला नावे ठेवण्याचे कारण नाही. आठ कोर किंवा तासन्तास चालणारे काम असेल तर बी श्रेणीचा, म्हणजे बी५५०, बी६५०, बी६६० यांसारखा बोर्ड पाहावा, आणि त्यातही व्हीआरएमवर स्क्रूने पक्का बसवलेला हीटसिंक, म्हणजे उष्णता बाहेर टाकणारा धातूचा ठोकळा, आहे ना, हे छायाचित्रात नीट पाहावे. पातळ पत्र्याचे नक्षीदार झाकण म्हणजे हीटसिंक नव्हे. इथे माझे एक ठाम मत सांगते. स्वस्त बोर्डांवर रंगीत दिवे लावणे मला मुळीच मान्य नाही. तो खर्च दोन चांगल्या हीटसिंकवर झाला असता तर अनेकांचे रविवार वाचले असते.

दुसरी महत्त्वाची गोष्ट बायोसची, म्हणजे संगणक सुरू होताना सर्वांत आधी चालणाऱ्या, बोर्डातच साठवलेल्या प्रणालीची. भाचीच्या प्रोसेसरचे एएम४ हे सॉकेट २०१६ मध्ये आले आणि त्यावर प्रोसेसरच्या अनेक पिढ्या बसल्या. पण सॉकेटमध्ये बसला म्हणजे चालला असे होत नाही. २०१८ च्या बी४५० बोर्डावर २०२० चे रायझन ५००० प्रोसेसर चालतात ते बायोस अद्ययावत केल्यानंतरच. कपाटात पडून राहिलेला बोर्ड नवा म्हणून घरी आला, तर सगळे योग्य जोडूनही पडदा काळाच राहू शकतो. यासाठी कंपनीच्या संकेतस्थळावरील यादीत केवळ प्रोसेसरचे नाव पाहू नका, त्यासमोरचा बायोसचा क्रमांकही पाहा, आणि शक्य तर प्रोसेसर न बसवताच पेनड्राइव्हवरून बायोस बदलण्याची सोय असलेला बोर्ड घ्या. त्या सोयीला बायोस फ्लॅशबॅक म्हणतात.

रॅमच्या बाबतीत एवढेच, की डीडीआर४ आणि डीडीआर५ एकमेकांच्या जागी बसत नाहीत आणि इंटेलच्या एलजीए१७०० सॉकेटचे बोर्ड दोन्ही प्रकारांत येतात, तेव्हा नाव शेवटच्या अक्षरापर्यंत वाचावे. वापरलेला बोर्ड घेत असाल, तर सॉकेटमध्ये पिना असतील तर त्या बॅटरीच्या उजेडात तिरप्या नजरेने पाहाव्यात आणि बोर्डावरील लहान डबीसारख्या कपॅसिटरांपैकी फुगलेल्या माथ्याचा एकही दिसला तर बोर्ड परत द्यावा.

भाचीच्या बोर्डाचे आम्ही दोन टप्प्यांत केले. त्याच दिवशी बायोसमध्ये जाऊन प्रोसेसरची वीज ८८ वॉटवर बांधली. वेग थोडा कमी झाला, पण तो शेवटपर्यंत टिकला आणि तिचे हातातले काम वेळेत गेले. पुढे तिने हीटसिंक असलेला बी५५० बोर्ड घेतला, तेव्हा जुना बोर्ड सहा कोरच्या प्रोसेसरसह तिच्या वडिलांच्या टेबलावर गेला आणि तिथे तो आजही बिनतक्रार चालतो आहे.

नव्या बोर्डाची परीक्षा आम्ही परत देण्याची मुदत संपण्याआधीच घेतली, आणि आपणही तशीच घ्यावी. कॅबिनेट पूर्ण बंद करायचे, आपले नेहमीचे सर्वांत जड काम लावायचे आणि एक तास सलग चालू द्यायचे. पाचव्या मिनिटाचा वेग लिहून ठेवायचा आणि साठाव्या मिनिटाचा त्याशेजारी लिहायचा. या दोन आकड्यांत मोठी तफावत दिसली तर बोर्ड परत पाठवायचा; आणि म्हणून तो तास पार पडेपर्यंत त्याचे खोके टाकून देऊ नये.