वाळून जगणारे

(दृश्य : वाळलेलं मॉस, अगदी जवळून. वरून पाण्याचा एक थेंब पडतो.)

पानं काळपट पडलीत, पिळवटून दांड्याला चिकटलीत. कुणीही म्हणेल, हे मॉस मेलेलं आहे. आता थेंबाकडे लक्ष ठेवा. पानं उलगडतायत, हिरवी होतायत. हा शॉट वेगाने पळवलेला नाही.

याचं नाव सिंट्रिकिया कॅनिनर्विस. हे वाळवंटात वाढतं. अंगातलं ९८ टक्क्यांहून जास्त पाणी गेलं तरी पुन्हा सावरतं. २०२४ साली चिनी शास्त्रज्ञांनी त्याच्यावरचे प्रयोग प्रसिद्ध केले. उणे ८० अंशांत पाच वर्षं ठेवलेल्या मॉसला बाहेर काढल्यावर नवे फुटवे आले. द्रव नायट्रोजनमध्ये, म्हणजे उणे १९६ अंशांत, महिनाभर राहिलेलं मॉसही वाढलं.

(दृश्य : सूक्ष्मदर्शकाखाली मॉसचं पान.)

हे जमतं कसं? बहुतेक झाडं पाणी धरून ठेवण्यासाठी धडपडतात. खोल मुळं धाडतात, पानांवर मेणाचा थर चढवतात. मॉसला खरी मुळंच नाहीत, आणि पान बहुतेक ठिकाणी एकाच पेशीच्या जाडीचं. हवा कोरडी झाली की तेही कोरडं होतं. पण वाळताना पेशीतल्या साखरेमुळे आतला द्रव काचेसारखा घट्ट होतो आणि नाजूक पटलं, प्रथिनं जागच्या जागी राहतात. थंडीत पेशी फाटते ती आतल्या पाण्याचा बर्फ झाल्यामुळे. इथे गोठायला पाणीच उरलेलं नसतं. आम्हाला सगळ्यात विलक्षण वाटतं ते हेच : कोरडेपणा सोसायची तयारी थंडीतही उपयोगी पडते.

(दृश्य : अंटार्क्टिका, मॅकमर्डोच्या कोरड्या दऱ्या. फोडलेला वालुकाश्म.)

दगडफूल, म्हणजे लायकेन, याच वाटेने जातं, पण जोडीने. बुरशी घर बांधते, तिच्या आत राहणारं शैवल उन्हावर साखर बनवतं. हे दोन वेगळे जीव आहेत असं स्विस वनस्पतिशास्त्रज्ञ सायमन श्वेंडेनर यांनी १८६०च्या दशकात सांगितलं, तेव्हा लायकेनचे अनेक अभ्यासक खवळले होते.

मॅकमर्डोच्या या दऱ्यांत खडक उघडेबोडके दिसतात. पण दगड फोडला की पृष्ठभागाखाली काही मिलिमीटरवर रंगांचे पट्टे दिसतात. काळा, मग पांढरा, मग हिरवा. ही आतली वस्ती सूक्ष्मजीवांचे अभ्यासक इम्रे फ्रीडमन यांनी १९८२ साली सविस्तर मांडली. उन्हाने खडक हवेपेक्षा जास्त तापतो, थोडं बर्फ वितळतं, पाणी वाळूच्या कणांमधून झिरपतं. तेवढ्या वेळात दगडफूल जगून घेतं.

काही दगडफुलांना तर पाण्याच्या थेंबाचीही गरज नसते, दमट हवा पुरते. नामिब वाळवंटात समुद्रावरून येणाऱ्या धुक्यावर त्यांची कुरणं उभी आहेत.

२००५ साली युरोपीय अवकाश संस्थेने फोटॉन-एम२ यानातून दोन जातींची दगडफुलं उघड्या अवकाशात साधारण दोन आठवडे ठेवली. निर्वात पोकळी, अतिनील किरण, सगळं सोसून ती परतली आणि जवळपास पूर्वीइतकंच प्रकाशसंश्लेषण करू लागली.

(दृश्य : अमेरिकेतलं कोलोरॅडोचं पठार. लाल माती, वर मॉसचा काळा पापुद्रा.)

मग यांना मारतं तरी काय? इथे पुन्हा तेच सिंट्रिकिया आहे. शास्त्रज्ञांनी उन्हाळ्यात त्यावर हलक्या सरी पाडल्या, एका वेळी जेमतेम सव्वा मिलिमीटर, पण वरचेवर. एका हंगामात बहुतेक मॉस मेलं.

भिजलं की मॉस जागं होतं. श्वसन सुरू होतं, डागडुजीत साठवलेली साखर खर्च होते. ती भरून निघायला बराच वेळ ओलं राहावं लागतं. उन्हाळ्यातली हलकी सर त्याआधीच वाळते. प्रत्येक सरीला तोटाच, आणि मॉस उपाशी मरतं. म्हणून इथे नुसता पाऊस मोजून भागत नाही. सर थांबल्यावर मॉस किती वेळ ओलं राहिलं, तेही पाहावं लागतं.