टेबलावरची आगगाडी कुठून घ्यावी?

श्रोतेहो, नमस्कार. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून सुटलेली गाडी ठाण्यात येऊन थांबली. त्याच ठाण्यात आज घराघरांतल्या टेबलांवर छोट्या आगगाड्या धावत असतील, तर नवल नाही. या छंदाचा माल दुकानातून घ्यावा की ऑनलाइन मागवावा, याविषयी आज बोलू.

इंजिन, निदान पहिलं तरी, दुकानातूनच घ्यावं. हजार-दोन हजार जास्त गेले तरी चालतील, कारण ते पळवून बघता येतं. दुकानदाराला १२ व्होल्टचा कंट्रोलर लावायला सांगा आणि बटण अगदी हळू फिरवा. इंजिनाने झटका न देता सरपटत सुरुवात केली पाहिजे. मग पुढे पाच मिनिटं, मागे पाच मिनिटं चालवा आणि सांध्यावरून, म्हणजे रुळाला फाटा फुटतो तिथून, चार वेळा न्या. सांध्यावर ते थांबलं, तर सगळी चाकं वीज घेत नाहीत असं समजा. उडी मारत असेल, तर व्हर्नियर कॅलिपरने एका कण्यावरच्या दोन चाकांच्या आतल्या बाजूंमधलं अंतर मोजा. एचओ, म्हणजे मूळ गाडीच्या ८७ पट लहान मापात, ते साधारण १४.४ मिलिमीटर हवं. कमी असेल तर चाकं सांध्यातल्या आतल्या रुळाला घासून वर चढतात. चाकाच्या प्रत्येक फेऱ्याला एकदा ‘टक्’ असा आवाज येत असेल, तर बहुधा कण्यावरचं प्लॅस्टिकचं गिअर तडकलंय. जुन्या मालात हे फार आढळतं. म्हणून वापरलेलं इंजिन ऑनलाइन घेताना फोटोवर भागवू नका. हळू चालणारा, आवाजासकट आणि दोन्ही दिशांचा व्हिडिओ मागा.

मापाचा घोळ तर पडद्यावर कळतच नाही. एचओ मूळ गाडीच्या ८७ पट लहान, तर ओओ हे दुसरं माप ७६ पट. दोन्ही १६.५ मिलिमीटरच्याच रुळावर धावतात, त्यामुळे ‘बसतं का?’ विचारलं तर विक्रेता ‘हो’ म्हणणार. घरी आल्यावर मात्र ओओचा डबा शेजारच्या एचओ डब्याहून मोठा दिसतो. दुकानात दोन डबे शेजारी ठेवले की हे लगेच लक्षात येतं. भारतीय इंजिनाची चाकं जरा आत दिसली तर तो दोष मानू नका. आपला ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटरचा आहे. एचओमध्ये त्याचे १९.३ मिलिमीटर व्हायला हवेत, पण मॉडेल १६.५ च्या रुळावर बसवतात.

गाडी आणि रुळांचा तयार संच मागवण्याआधी वळणाची त्रिज्या विचारा. आयसीएफचा, म्हणजे चेन्नईच्या इंटिग्रल कोच फॅक्टरीचा, २१.३ मीटरचा डबा एचओमध्ये २४५ मिलिमीटर होतो. त्याला लांबीच्या अडीचपट, म्हणजे किमान ६१ सेंटिमीटर त्रिज्या द्यावी. सुरुवातीच्या संचात अनेकदा ४६ सेंटिमीटरची वळणं असतात. तिथे लांब डब्यांची टोकं बाहेर झुकतात, कपलर, म्हणजे डबे जोडणारे आकडे, ओढले जातात आणि गाडी घसरते. आता हिशोब बघा: ६१ च्या त्रिज्येचं वर्तुळ १२२ सेंटिमीटर रुंद, आणि आठ बाय चारचा प्लायही १२२ सेंटिमीटरच रुंद. कडेला जागाच उरत नाही. दोन्ही बाजूंना दहा-दहा सेंटिमीटरची पट्टी जोडावी लागते. वन-बीएचकेत हे जमत नसेल तर १६० पट लहान असलेल्या एन मापाचा विचार करा. त्यात अडीच फुटांची फळी पुरते. भारतीय गाड्यांची निवड मात्र त्यात फारच कमी.

ज्या वस्तूला ठरलेला क्रमांक आहे, ती खुशाल ऑनलाइन घ्या: केडी कंपनीचे ५ नंबरचे कपलर, रूळजोड, डीकोडर (डिजिटल हुकूम ओळखून इंजिन चालवणारी छोटी पट्टी). डीकोडर घेताना इंजिनातलं सॉकेट ८ पिनचं आहे की २१ पिनचं, ते उघडून बघा आणि आतली मोकळी जागाही मोजा. ९१ सेंटिमीटरचे लवचीक रूळ मात्र मागवू नका. कुरिअरवाले लांबी, रुंदी, उंचीचा गुणाकार करून ५००० ने भागतात. १०० बाय १५ बाय १० चं खोकं हलकं असलं तरी तीन किलोंचं धरलं जातं. शिवाय रूळ वाटेत वाकतात.

परदेशातून मागवताना जकात धरा. खेळण्यांवरचं मूळ सीमाशुल्क २०२० मध्ये २० वरून ६० टक्के झालं, २०२३ मध्ये ७०. पार्सलची वर्गवारी कशी होते त्यावर तुमचा आकडा ठरतो. सांगितलेल्या किमतीत शुल्क धरलंय का, हे लेखी विचारून घ्या.

बाकी प्लाय, वायर, सोल्डर जवळच्या बाजारातून. रुळांना वीज पुरवणारी मुख्य वायर दीड चौरस मिलिमीटरची घ्या आणि दर मीटरला रुळाला जोड द्या, कारण आपल्याकडच्या पावसाळी हवेत रूळजोडांवर वीज टिकत नाही. रूळ आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. पॉलिशपेपर लावू नका, ओरखड्यांत मळ बसतो.

पार्सल आलं की त्याच दिवशी मोबाइलवर चित्रण करत उघडा आणि दोन्ही दिशांना चालवून बघा. खोकं आणि आतला फोम टाकू नका, परत पाठवायची वेळ आली तर तेच लागतात. नमस्कार.