आजची झोप, आजची गोळी आणि गाडीची किल्ली

नमस्कार श्रोतेहो. एसटीच्या दिवसाला दोनच फेऱ्या, शेत तीन किलोमीटरवर, दूध सकाळी साडेसहाला संकलन केंद्रावर पोचवायचं. अशा गावात गाडी चालवणं सुटलं की माणसाचं काम सुटतं. म्हणून घरातल्या कुणाला स्किझोफ्रेनिया आहे असं कळलं की लवकरच प्रश्न येतो: आता याला गाडी चालवू द्यायची का? कुणी म्हणतं, आता जन्मात नाही. कुणी म्हणतं, काही होत नाही, चालव. ही दोन्ही उत्तरं घाईची आहेत.

आधी जिथं तडजोड नाही ते सांगतो. आजार उसळलेला असताना, म्हणजे कानात आवाज येताहेत, संशय पक्का झालाय, झोप उडालीय, अशा वेळी दुचाकी नाही आणि ट्रॅक्टरही नाही. मागून येणारी जीप आपल्याच मागावर आहे असं वाटलं की माणूस समोर पाहणं सोडून आरशात पाहत राहतो, वेग वाढवतो, नाहीतर एकदम पांदण रस्त्याला वळतो. कुणी साधा हॉर्न दिला तरी तो त्याला स्वतःसाठीचा इशारा वाटतो. ताशी ४० किलोमीटर वेगात गाडी एका सेकंदाला ११ मीटर जाते. आवाजाकडे दोन सेकंद लक्ष गेलं की २२ मीटर रस्ता न पाहताच मागे पडतो. तेवढ्यात तुरीतून रोही निघतो, नाहीतर रिफ्लेक्टर नसलेली बैलगाडी समोर येते.

मग परत केव्हा चालवायची? ब्रिटनमध्ये आजार असा उसळून गेल्यानंतर मोटार किंवा मोटरसायकलसाठी साधारण ३ महिने आणि बस-ट्रकसाठी १२ महिने तब्येत स्थिर असावी लागते. औषध नियमित हवं, आणि औषधाचा गाडी चालवण्यावर परिणाम होत नसावा. आपणही घरच्या हिशेबाला निदान तीन महिने धरावेत. डॉक्टरांनी जास्त सांगितले तर जास्त. लायसन्सच्या अर्जासोबतच्या नमुना १ मध्ये, तुमच्या गाडी चालवण्यानं लोकांना धोका होईल असा काही आजार आहे का, असं विचारलेलं असतं. तिथं खरं लिहा आणि डॉक्टरांचा कागद जोडा. आपण चालवण्याच्या स्थितीत नाही हे माहीत असूनही सार्वजनिक रस्त्यावर गाडी चालवणं हा मोटार वाहन कायद्याच्या कलम १८६ खाली गुन्हा आहे.

आता गोळ्यांकडे येऊ, कारण स्थिर झालेल्या माणसाची गाडी बहुतेक वेळा इथंच घसरते. ओलान्झापिन किंवा क्लोझापिन ही या आजाराची गोळी रात्री अकराला घेतली तर सकाळी साडेसहाला डोळे उघडे असतात, पण डोकं अजून जड असतं. रात्रीची गोळी थोडी आधी घेता येईल का, हे डॉक्टरांना विचारा. रात्रीची गोळी चुकली आणि सकाळी आठवली, तर ती स्वतःच्या मनानं घेऊन गाडीवर बसू नका, आणि पुढच्या रात्री दोन गोळ्याही घेऊ नका. रिस्पेरिडोन, क्लोझापिन यांनी उभं राहताना रक्तदाब उतरून चक्कर येऊ शकते. बाजेवरून उठताना दोन मिनिटं पाय खाली सोडून बसा. हॅलोपेरिडॉल सुरू केल्यावर किंवा वाढवल्यावर पहिल्या काही दिवसांत मान वाकडी होणं, डोळे वर चढणं असा त्रास होऊ शकतो. हे चालत्या गाडीवर झालं तर माणसाच्या हातात काही उरत नाही. म्हणून औषध नवं असो की मात्रा बदललेली असो, निदान दोन आठवडे एसटीनंच जावं. फ्लूफेनाझिनचं इंजेक्शन दोन ते चार आठवड्यांनी असतं; ते घेतल्यावर काहींना पहिले काही दिवस पाय एका जागी ठेववत नाहीत, आणि ब्रेकवरचा पाय तर एका जागी राहायला हवा. या औषधांनी येणारा कंप आणि ताठरपणा कमी करायला सोबत ट्रायहेक्सिफेनिडिल देतात; ते घेणाऱ्याला जवळचं धूसर दिसू शकतं, रात्री समोरच्या दिव्यानं डोळे दिपू शकतात.

सगळ्यात फसवी गोष्ट म्हणजे गोळी बंद केल्यावरचे पहिले काही दिवस. जडपणा जातो, हात हलके होतात, आणि वाटतं की गोळीविना आपण जास्त चांगले चालवतो. आजार मात्र दुसऱ्या दिवशी परत येत नाही, काही आठवड्यांनी येतो. तोवर भरवसा इतका वाढलेला असतो की कुणी थांबवलं तरी ऐकवत नाही.

आपल्याकडचा उन्हाळाही यात धरावा लागतो. चंद्रपूर, अकोल्याकडे पारा ४५ च्या वर जातो. यातल्या बऱ्याच औषधांनी शरीराची उष्णता सोसण्याची ताकद कमी होते, ट्रायहेक्सिफेनिडिलनं घामही कमी येतो. मे महिन्यात अकरा ते पाच गाडी नको. नाइलाजानं निघालात तर डोक्याला दुपट्टा, वर हेल्मेट, आणि सोबत पाणी. अंग तापलं, घाम थांबला, बोलणं अडखळलं तर गाडी तिथंच सोडायची, सावली गाठायची आणि १०८ ला फोन करायचा.

रब्बीत थ्री फेजची लाईन रात्रीच मिळाली तर हरभऱ्याला पाणी द्यायला रात्र जागावी लागते. हा आजार असलेल्यानं ती पाळी भावाला द्यावी. झोप मोडली की आजार डोकं वर काढतो, आणि सकाळी रस्त्यावर डोळा लागायचा धोका वेगळाच. दारूबद्दल एकच, मोहाची असो की दुकानातली, या गोळ्यांसोबत गाडीपूर्वी थेंबही नाही. बिडीची गोष्ट थोडी निराळी आहे. धुरामुळे ओलान्झापिन आणि क्लोझापिन शरीरातून लवकर निघून जातात. बिडी एकदम सोडली की तीच मात्रा जास्त पडते आणि सुस्ती वाढते. बिडी जरूर सोडा, पण डॉक्टरांना सांगून, आणि तेवढे दिवस गाडी बाजूला ठेवा. हा परिणाम धुराचा आहे, खर्ऱ्यानं तो होत नाही. खर्ऱ्याचे तोटे वेगळे.

परत सुरुवात करताना पहिल्यांदा दिवसाउजेडी गावाबाहेरच्या मोकळ्या रस्त्यावर चालवा, मागे एक जाणता माणूस बसवून. ब्रेक उशिरा लागतो का, वळणावर गाडी उजवीकडे ओढली जाते का, बोललं तर उत्तराला वेळ लागतो का, हे त्यानं बघावं. आठवडाभर बरं वाटलं तर शेजारच्या गावापर्यंत जा. बाजाराचा दिवस आणि रात्र शेवटी घ्या. वाटेत आवाज सुरू झाले तर इंडिकेटर द्या, वेग उतरवा, रस्त्याच्या खाली गाडी उभी करा, किल्ली काढा आणि घरी फोन लावा. आवाज दाबायला काही जण कानात इअरफोन घालतात. घरी त्याचा उपयोग होतो, गाडीवर तो धोका आहे.

दवाखान्यात न्यायची वेळ आली तर आजारलेल्या माणसाला दुचाकीवर मधे बसवून नेऊ नका; १०८ बोलवा, नाहीतर चारचाकीत मागे, दोघांच्या मधे बसवा. सल्ल्यासाठी टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य फोनसेवेचा १४४१६ हा नंबर चोवीस तास चालू असतो.

आणि किल्लीचा करार माणूस बरा असताना करा, त्याच्याच हातानं लिहून. दोन रात्री झोप नाही, एकट्यानं बोलणं, घरच्यांवर संशय, यातलं एक जरी दिसलं तरी किल्ली कुणाकडे जाईल ते नाव लिहा. ती परत कधी मिळेल तेही लिहा: इतके दिवस नीट झोप, डॉक्टरांची एक भेट, मागे माणूस बसवून एक फेरी. हा दुसरा भाग बहुतेक घरं विसरतात. किल्ली परत मिळणारच नाही असं वाटलं की माणूस पुढच्या वेळी कानातले आवाज कुणालाच सांगत नाही.