कामगाराचा वकील

श्रोतेहो, नमस्कार.

दिवाणी किंवा फौजदारी कोर्टात मुरलेला वकील पहिल्यांदा कामगार न्यायालयात आला की एका गोष्टीवर त्याचा विश्वास बसत नाही. १९४७च्या औद्योगिक विवाद कायद्यातल्या कलम ३६नुसार इथे वकिलाला उभं राहायचं तर समोरच्या पक्षाची संमती लागत आली आहे, वर न्यायालयाची परवानगी. समेट अधिकाऱ्यापुढे तर वकिलाला मज्जावच.

हेतू चांगला होता. मालक नावाजलेला वकील उभा करील, कामगाराला तसा परवडणार नाही आणि पोटाचा प्रश्न तांत्रिक हरकतींत अडकून पडेल, अशी धास्ती होती. म्हणून कामगारातर्फे युनियनच्या पदाधिकाऱ्याने बोलावं आणि मालकातर्फे मालकांच्या संघटनेच्या पदाधिकाऱ्याने, अशी रचना केली गेली. पण १९७६मध्ये पारादीप बंदराच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की एखादा वकील अशा संघटनेचा खरोखरच पदाधिकारी असेल तर त्या नात्याने त्याला उभं राहता येईल, संमतीची गरज नाही. आज बहुतेक ठिकाणी दोन्हीकडे वकील असतात, आणि या कलमाची आठवण होते ती कुणाला तरी वेळ काढायचा असला की. तरीही ते कलम मला आवडतं. आपण इथे पाहुणे आहोत, हे ते वकिलाला विसरू देत नाही. मी ऐकलेल्या उत्तम उलटतपासण्यांपैकी काही युनियनच्या अशा कार्यकर्त्यांनी घेतल्या होत्या, ज्यांनी लॉ कॉलेजची पायरीही चढलेली नव्हती. मशीन कसं चालतं, पाळी कशी बदलते, सुपरवायझर कुठे उभा असतो, हे त्यांना पाठ होतं.

कामगारांच्या बाजूने खटले लढवणं हा पेशा कसा आहे, असं तरुण मुलं विचारतात. डोळ्यांसमोर भाषणं असतात, लाल झेंडे असतात, १९८२चा गिरणी संप असतो. प्रत्यक्षात या कामाचा मोठा भाग म्हणजे कागद वाचणं. आणि तेही दुसऱ्याने, म्हणजे व्यवस्थापनाने, सवडीने आणि सल्ला घेऊन तयार केलेले कागद.

अशील येतो तो बहुधा बडतर्फीचं पत्र हातात घेऊन. त्याच्या दृष्टीने लढाई आता सुरू व्हायची असते. पण तिचा मोठा भाग तोवर होऊन गेलेला असतो. बडतर्फीच्या आधी आरोपपत्र आलेलं असतं, त्याचा खुलासा मागितलेला असतो, मग कंपनीतच खातेनिहाय चौकशी झालेली असते. कामगार तिला इन्क्वायरी म्हणतात. चौकशी अधिकारी कंपनीनेच नेमलेला, पुष्कळदा बाहेरचा वकील, त्याची फीही कंपनीनेच दिलेली. एवढ्यावरून तो पक्षपाती ठरत नाही, असं न्यायालयांनी फार पूर्वीच सांगून ठेवलं आहे. समोर मॅनेजमेंटचा प्रतिनिधी, जो हे काम वर्षानुवर्षं करतो. आणि कामगाराच्या शेजारी असलाच तर त्याच्यासारखाच एक सहकारी, ज्याला उद्या त्याच साहेबाकडे रजा मागायची आहे.

या चौकशीत काय लिहिलं गेलं, यावर पुढची दहा वर्षं ठरतात. कारण न्यायालय आधी एवढंच बघतं: चौकशी न्याय्य झाली का, आणि निष्कर्षांना पुराव्याचा आधार आहे का. यावर जो निर्णय होतो त्याला आम्ही पार्ट वन अवॉर्ड म्हणतो. तो कामगाराच्या बाजूने लागला की घरी पेढे वाटले जातात, आणि मग आम्हाला सांगावं लागतं की थांबा. चौकशी रद्द झाली तरी मालकाने सुरुवातीलाच तशी मागणी केली असेल, तर तेच आरोप न्यायालयात नव्याने सिद्ध करायची त्याला संधी मिळते. तिथेही आरोप सिद्ध झाले तर उरतो शिक्षेचा प्रश्न. १९७१मध्ये कायद्यात ११अ हे कलम आलं आणि शिक्षा फार कडक असेल तर ती कमी करण्याचा अधिकार न्यायालयाला मिळाला. त्याआधी चौकशी नीट झालेली असेल, तर न्यायाधीशांना शिक्षेत सहसा हात घालता येत नसे.

म्हणून मी चौकशीचं प्रोसिडिंग, म्हणजे तिथे लिहून घेतलेली नोंद, मागतो आणि आधी शेवटची पानं उघडतो. तिथे हमखास एक ओळ असते: ‘मला साक्षीदारास काही विचारायचे नाही.’ खाली कामगाराची सही. का केलीस, असं विचारलं तर उत्तर ठरलेलं, ‘साहेब म्हणाले, ही फॉर्मॅलिटी आहे.’ काही वेळा प्रोसिडिंग इंग्रजीत असतं आणि सही मराठीत असते. ही विसंगती आमच्या उपयोगी पडते. पण अशा फटी शोधत बसण्यापेक्षा तो माणूस आरोपपत्र मिळाल्याच्या दिवशीच कुणाकडे तरी गेला असता, तर मी त्याला चार साध्या गोष्टी सांगितल्या असत्या. मराठीतून चौकशी मागा, लेखी. कागदपत्रांच्या प्रती मागा, लेखी. नाकारल्या तर तसं प्रोसिडिंगमध्ये लिहून घ्या. जे मान्य नाही त्याच्यासमोर सही करताना ‘मान्य नाही’ असं लिहा.

चौकशीत पुराव्याचा कायदा काटेकोर लागत नाही, हे शिकलेल्या माणसालाही पटत नाही. वाहकांचे खटले घ्या. तपासणी पथक गाडी थांबवतं, काही प्रवाशांकडे तिकीट नसतं, वाहकाची नोकरी जाते. वाहक म्हणतो, त्या प्रवाशांपैकी एकालाही साक्षीला आणलं नाही. बरोबर आहे. पण १९७७मध्ये हरियाणातल्या अशाच एका वाहकाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं, की प्रवाशांना शोधून आणायची गरज नाही, विश्वास ठेवण्याजोगा काही पुरावा असला की पुरे. हा निकाल लिहिणारे न्यायमूर्ती कृष्ण अय्यर. पुढच्याच वर्षी बंगलोर पाणीपुरवठ्याच्या खटल्यात ‘उद्योग’ या संज्ञेत रुग्णालयं, शिक्षणसंस्था, क्लबसुद्धा आणून लाखो लोकांना कामगार कायद्याचं दार उघडणारेही तेच. एकाच न्यायमूर्तींचा एक निकाल आमच्या हातात असतो आणि दुसरा समोरच्या वकिलाच्या.

दाराचा विषय निघालाच आहे. ‘मी कामगार आहे का?’ हा प्रश्न हल्ली सगळ्यात जास्त विचारतात ते संगणकापुढे बसणारे. व्हिजिटिंग कार्डावर ‘मॅनेजर’ आहे, पगार चांगला आहे, म्हणजे आपल्याला कामगार कायदा नाही, असं एचआरने सांगितलेलं असतं. कायदा हुद्दा बघत नाही, मुख्य काम काय करता ते बघतो. काम शारीरिक, कुशल, तांत्रिक, कारकुनी अशा स्वरूपाचं असेल तर पगाराला मर्यादा नाही. मर्यादा आहे ती पर्यवेक्षकांना. मग उलटतपासणी सुरू होते: तुमच्या हाताखाली किती लोक? त्यांची रजा तुम्ही मंजूर करता का? कुणाला काढायचा अधिकार आहे का? ‘नुसती शिफारस करतो’ आणि ‘मंजूर करतो’ यांतल्या फरकावर माणूस न्यायालयाच्या आत येतो किंवा बाहेर राहतो.

महाराष्ट्रात आमच्याकडे आणखी एक दार आहे. १९७१चा कायदा, कामगार संघटनांना मान्यता आणि अनुचित कामगार प्रथांना प्रतिबंध करणारा. कोर्टात सगळे त्याला ‘एमआरटीयू-पल्प’ म्हणतात. यात कामगार थेट न्यायालयात तक्रार करू शकतो आणि अंतरिम आदेशही मागू शकतो. वर्षानुवर्षं बदली कामगार म्हणून किंवा तात्पुरतं ठेवून कायम न करणं ही यात अनुचित प्रथा आहे. किरकोळ चुकीसाठी धक्कादायक शिक्षा करणं हीसुद्धा. पण मुदत नव्वद दिवसांची. उशिराला सबळ कारण असेल तर न्यायालय माफ करू शकतं, पण ‘साहेब परत घेतो म्हणाले होते’ हे कारण सिद्ध करायचं कसं? तोंडी आश्वासनावर नव्वद दिवस सहज निघून जातात. पुष्कळदा ते आश्वासन त्याचसाठी दिलेलं असतं.

कंत्राटी कामगारांना मात्र हे दार जवळजवळ बंद आहे. ‘हा आमचा माणूसच नाही, कंत्राटदाराचा आहे’ असं कंपनीने म्हटलं, की सर्वोच्च न्यायालयाच्या २००१च्या निकालानंतर आधी दुसरीकडे जाऊन ते नातं सिद्ध करून यावं लागतं. हा निकाल मला कधीच पटलेला नाही. त्यातून फिर्यादीचं उत्तर काय द्यायचं, हे प्रत्येक कंपनीला आयतं मिळालं.

सिद्ध करणं म्हणजे काय, तेही ऐका. सलग नोकरीचे २४० दिवस भरले हे दाखवायचं ओझं कामगारावर. हजेरीपट मालकाच्या कपाटात. आम्ही तो हजर करायचा अर्ज देतो, ते ‘जुना आहे, नष्ट केला’ म्हणतात. मग गेटपास, बोनसच्या पावत्या, भविष्यनिर्वाह निधीची नोंद, कॅन्टीनची कुपनं, अपघाताच्या दिवशी दवाखान्यात लिहिलेलं कंपनीचं नाव. या कामाला गोधडी शिवायची चिकाटी लागते. ज्युनियरना मी वक्तृत्व विचारत नाही, चिठ्ठ्याचपाट्या तारखेप्रमाणे लावता येतात का ते बघतो.

आणि मग साक्ष. या न्यायालयातली सगळ्यात क्रूर उलटतपासणी मागच्या पगाराबद्दल, म्हणजे कामावरून काढल्यापासून बुडालेल्या पगाराबद्दल असते. सर्वोच्च न्यायालयाने २०१३मध्ये, महाराष्ट्रातल्याच एका शिक्षिकेच्या प्रकरणात, सांगितलं आहे की बेकायदा काढलेल्या माणसाला कामावर परत घेताना पूर्ण मागचा पगार देणं हा साधारण नियम. पण आपण दुसरीकडे नोकरीला नव्हतो किंवा कमी पगारावर होतो, हे त्याने आधी सांगायला हवं. तसं सांगितलं की समोरचा वकील उठतो. ‘इतकी वर्षं नोकरी नाही म्हणता, मग जगलात कशावर?’ बायकोच्या धुण्याभांड्यांवर, भावाच्या उपकारांवर, सोनं मोडून. भरल्या कोर्टात हे एकेक मोठ्याने सांगायचं आणि टंकलेखकाने ते टाइप करायचं. काही माणसं अभिमानापोटी खोटं बोलतात, ‘मी कमवत होतो’ म्हणतात, आणि तिथेच मागचा पगार जातो. साक्षीच्या आधी मी अशिलाला एकच सांगतो, की आठवडी बाजारात भाजी विकली असेल तर विकली म्हणा. पोटासाठी केलेली ती धडपड म्हणजे गेलेल्या नोकरीच्या तोडीची नोकरी नव्हे, हे पटवून देणं माझं काम.

पैशाचंही बोलू. निकालातल्या रकमेतून टक्का घेण्याचा करार आपल्याकडे वकिलाला करता येत नाही, बार कौन्सिलचे नियम तो मना करतात. म्हणजे ज्याचा पगार बंद झाला आहे त्याच्याकडूनच फी घ्यायची. कुणी हप्त्याने घेतं, कुणी युनियनकडून, कुणी पुढे बघू म्हणतं आणि ते पुढे कधी येत नाही. मालकांच्या बाजूला याच्या अनेक पट मिळतं आणि ते वेळेवर मिळतं. तिकडे गेलेल्यांना मी नावं ठेवत नाही. तिथेही चांगला वकील लागतो, जो व्यवस्थापनाला खटल्याच्या आधीच ‘हे करू नका’ म्हणेल.

बरेच खटले तडजोडीने संपतात. कंपनी एक आकडा सांगते. एवढी वर्षं लढल्यावर आकडा घेऊन घरी बसायचं की कामावर परत जायचं, हा निर्णय वकिलाने घेऊ नये, असं माझं ठाम मत आहे. तत्त्वासाठी लढत राहा, असं सांगणं वकिलाला सोपं असतं. मुलीचं शिक्षण त्याच्या घरचं थांबलेलं नसतं. पण आकड्यात काय धरलंय आणि काय गाळलंय, ते ओळ न ओळ समजावून सांगणं हे वकिलाचं कर्तव्य. ग्रॅच्युइटी ही हक्काची रक्कम. तीच तडजोडीच्या आकड्यात मिसळून ‘एवढे देतो’ म्हणायची युक्ती जुनी आहे.

आता जमीनच सरकली आहे. चार कामगार संहिता, म्हणजे जुन्या कामगार कायद्यांच्या जागी आलेले नवे कायदे, २१ नोव्हेंबर २०२५पासून लागू झाल्या. १९४७च्या कायद्याची जागा औद्योगिक संबंध संहितेने घेतली. बडतर्फीचा वाद उपस्थित करायला आधी तीन वर्षं मिळत, ती आता दोन झाली. कामगार न्यायालयांऐवजी दोन सदस्यांचं न्यायाधिकरण, त्यातला एक प्रशासकीय. ठरावीक मुदतीच्या नेमणुकीला उघड मान्यता मिळाली, आणि अशा कर्मचाऱ्याला एका वर्षानंतर ग्रॅच्युइटीही. मला काळजी वाटते ती या मुदतीच्या नेमणुकीची. ज्याचा करार दर अकरा महिन्यांनी संपतो त्याला कुणी बडतर्फ करतच नाही. आरोपपत्र नाही, चौकशी नाही, उलटतपासणी नाही. करार वाढवला नाही, बस. त्याची बाजू कशी मांडायची हे पुढच्या पिढीच्या वकिलांना नव्याने शोधावं लागेल, आणि ज्यांना हा पेशा निवडायचा आहे त्यांनी आजपासून असे करार गोळा करून वाचायला लागावं.

तुमच्यापैकी कुणाला या आठवड्यात आरोपपत्र मिळालं असेल, तर खुलाशासाठी दिलेली मुदत आधी बघा, कोऱ्या कागदावर सही करू नका, आणि राजीनामा मागितला तर तो का मागितला ते त्याच दिवशी ईमेलने त्यांनाच लिहून पाठवा. गेटवर अडवलं तर ‘मी कामावर आलो होतो, मला आत घेतलं नाही’ असं स्पीड पोस्टाने कळवा. पूर्वी आम्ही यासाठी तार करायला लावत असू. तार २०१३मध्ये बंद झाली, पण ‘कामगार स्वतःच काम सोडून गेला’ ही कंपन्यांची कैफियत अजून चालू आहे.

नमस्कार.