दगडीत कास कोण सुजवतं?

(गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातल्या दूध उत्पादकांसमोर एका पशुवैद्यकानं दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मघाशी काकींनी दगडीबद्दल, म्हणजे कासेला सूज येण्याच्या रोगाबद्दल, विचारलं, "संध्याकाळी गाय ठणठणीत होती. पहाटे बघते तर एक सड दगडासारखा, दूध पाण्यासारखं, गाय थरथरतेय. एका रात्रीत जंतूंनी एवढं केलं?" काकी, जंतूंनी थोडं केलं. बरंचसं तुमच्या गाईनंच केलं.

आपल्याकडे पावसाळ्यात गोठ्याची जमीन सुकतच नाही. शेणातला ई. कोलाय हा जंतू सडाच्या तोंडातून वर चढतो. त्याच्या बाहेरच्या आवरणात एक विष असतं, एंडोटॉक्सिन. जंतू फुटला, मेला की ते भरपूर सुटतं. पण या विषाचा खरा जोर गाईच्या प्रतिसादात आहे. तिच्या पेशींवर टीएलआर-४ नावाचा एक ग्राहक, म्हणजे जंतूंची खूण ओळखणारं प्रथिन, असतो, तो हे विष ओळखतो आणि बोंब ठोकतो. उंदरांमध्ये हे शास्त्रज्ञ ब्रूस ब्यूटलर यांच्या गटानं १९९८ मध्ये दाखवलं. २०११ च्या नोबेलमध्ये त्यांचा वाटा होता.

बोंब ऐकून रक्तातल्या पांढऱ्या पेशी कासेत धावतात. निरोगी कासेच्या एका मिलिलिटर दुधात त्या साधारण लाखाच्या आत असतात; अशा वेळी काही तासांत कोटीवर जातात. रक्तवाहिन्या सैल पडतात, पाणी झिरपतं, कास सुजते. रक्तातलं मीठ दुधात उतरतं, म्हणून ते खारट लागतं. दगडी तपासताना आम्ही तबकडीत दुधावर औषध घालून फिरवतो आणि ते शेंबडासारखं घट्ट होतं ना? ती याच पेशींच्या डीएनएची करामत.

एक गंमत सांगतो. दुधात आलेले हे शिपाई रक्तातल्यापेक्षा कमजोर पडतात, कारण जंतूंऐवजी दुधातली फॅट आणि केसिन नावाचं प्रथिन गिळत बसतात. ज्या फॅटवर दूध सोसायटीत दर मिळतो, तीच खाऊन ते सुस्तावतात!

नुकत्याच व्यालेल्या गाईत तर ते पोचतातच उशिरा. तोवर जंतू बेसुमार वाढलेले असतात, म्हणजे विषही तेवढंच. मग ताप, रवंथ बंद, गाय बसते ती उठत नाही. तेव्हा जंतू मारले तरी सुटलेलं विष लगेच जात नाही. म्हणून सूज उतरवायचं औषध आणि सलाईन लागतं. "डॉक्टर, एक अँटिबायोटिक टोचा नि जा" असं म्हणू नका.

दगडी करणारा दुसरा जंतू स्टॅफिलोकॉकस ऑरियस, त्याची तऱ्हा उलटी. तो बोंब होऊच देत नाही फारशी. त्याच्या काही जातींचं एक विष गाईच्या पांढऱ्या पेशींनाच भोकं पाडतं. शिवाय तो पेशींच्या आत दडून बसतो. गाय खाते, पिते, दूध मात्र हळूहळू आटतं. मला विचाराल तर मी याला जास्त घाबरतो. अशा गाईची धार सगळ्यांत शेवटी काढा, नाहीतर आपल्याच हातानं तो पुढच्या सडाला लागतो.

आणि धार काढल्यावर लगेच वैरण टाका. सडाचं तोंड नीट मिटायला अर्धा-एक तास लागतो; तेवढा वेळ गाय उभी राहिली पाहिजे, शेणात बसता कामा नये.

काकी, तुमची गाय व्याल्याला किती दिवस झाले? बारा? मग चहा राहू द्या, आधी तिला बघून येऊ.