नानींची खोली

२२ मार्च २०२०, संध्याकाळचे पाच. आठवतंय ना? गॅलरीत उभं राहून आपण सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, थाळ्या बडवल्या. मुंबईतल्या एका वस्तीत, या दहा बाय दहाच्या खोलीत नानीपण ते ऐकत बसल्या होत्या आणि त्यांना म्हणे हसूच फुटलं. जन्मभर आम्ही टाळी वाजवली की लोक गाडीची काच वर करायचे, आणि आज बघा, अख्खी मुंबई टाळ्या पिटतेय!

त्याच रात्री लोकल बंद झाली.

नानी हे नाव नाही, नातं आहे. हिजडा घराण्यात गुरूची जी गुरू ती नानी, आणि चेल्याची चेला ती नातीचेला. घरच्यांनी हाकलल्यावर जे घर मिळतं ते हे. दिवसभर ट्रेनमध्ये, सिग्नलला, दुकानांवर मंगती करायची, लग्नाबारशाला बधाई घ्यायची, आणि संध्याकाळी त्यातला वाटा गुरूच्या हातात ठेवायचा. आता यावरून बाहेरचे लोक खूप बोलतात, की गुरू बसून खातात, आणि काही ठिकाणी पिळवणूक होते हे खरंच आहे, ते झाकण्यात अर्थ नाही. पण साठी उलटली, गुडघे गेले, की चालत्या डब्यातून फिरणार कोण? ना पीएफ, ना पोरंबाळं. हा वाटा हीच म्हातारपणाची पेन्शन, तीपण रोजची रोज, कॅशमध्ये. लोकल थांबली आणि पेन्शनसुद्धा त्याच दिवशी थांबली.

सरकारने मदत दिली नाही असं नाही. केंद्राने एकदाच १५०० रुपये दिले, काही जणांना रेशनचं किटही. देशभरात साधारण ७ हजार लोकांपर्यंत ते पोचलं. २०११च्या जनगणनेत 'इतर' या रकान्यात ४ लाख ८७ हजार लोक होते, म्हणजे हिशोब तुम्हीच करा. पैसे यायला बँकेत खातं पाहिजे, ऑनलाइन फॉर्म भरता आला पाहिजे. नानींच्या आधारवर अजून घरच्यांनी ठेवलेलं पुरुषाचं नाव, फोटो चाळीस वर्षं जुना वाटावा असा, आणि रेशनकार्ड गावाला भावाच्या कपाटात. भाऊ फोन उचलत नाही.

मग काय केलं? तर नानींनी ट्रंकेतल्या पाटल्या काढल्या आणि गहाण टाकल्या. एरवी चेल्यांनी नानीला पोसायचं, त्या तीन महिन्यांत नानीने आठ जणींना पोसलं. एका संस्थेने तांदूळ-डाळ दिली, कोपऱ्यावरच्या वाण्याने उधारी लिहून घेतली (तोच वाणी जो पूर्वी दोन रुपये देताना तोंड वाकडं करायचा). नानींना शुगर, बीपी दोन्ही, म्हणून चेल्या बाहेर ओट्यावर झोपायच्या, उन्हाळा होता म्हणून बरं. ह्यालाच सोशल डिस्टन्सिंग म्हणायचं.

रात्री व्हिडिओ कॉल लागायचा, दुसऱ्या घराण्यांतल्या म्हाताऱ्या गुरूंना. एकट्या पडलेल्या, काही तर लॉकडाऊनमुळे जन्मघरी अडकलेल्या, शर्ट-पँट घालून बसलेल्या. चेल्या इकडून "पाव पडती" म्हणायच्या, तिकडून "जीती रहो" यायचं. नानींना कॅमेरा काही जमला नाही, फोन कानाला लावायची सवय, त्यामुळे समोरच्यांना तीन महिने फक्त नानींचा कान आणि त्यातली कुडी दिसली. पण रोज दिसली ना, मग झोप लागायची.

१ फेब्रुवारी २०२१. लोकल सगळ्यांसाठी सुरू झाली, तीही ठरलेल्या वेळेपुरतीच. धाकटी नातीचेला मास्क लावून पहिल्यांदा डब्यात चढली आणि संध्याकाळी पदराची गाठ सोडून चिल्लर नानींच्या मांडीवर ओतायला गेली.

नानींनी पाय मागे घेतले. "आधी हात धू गं भवाने."